बागेतल्या नेपाळी माणसांचा पैसा गावी पोचतो, पुढे त्याचं काय होतं?

कातळसडा

रत्नागिरी तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. आजोबांच्या काळात राखणीला, आळी खणायला, झेल्याने आंबा उतरवायला वाडीतलीच माणसं असत. त्यांची मुलं मुंबईला गेली, काही जण पुढे कुवेत-दुबईला. आज आमच्या आसपासच्या बहुतेक मोठ्या बागांमध्ये नेपाळी माणसं आहेत. तिहार, म्हणजे आपली दिवाळी, झाली की ती येतात. साफसफाई, फवारणी, मोहोर आल्यावर माकडांची राखण, उतरवणी, पेट्या भरणं, सगळं त्यांच्या हातचं. मृग तोंडावर आला की भातलावणीसाठी परत निघतात. आमच्याकडची बरीचशी कैलाली, अछाम, डोटी या नेपाळच्या पश्चिम टोकाच्या जिल्ह्यांतली.

गेल्या आठवड्यात हंगामाचा हिशेब केला. आमच्याकडचे दाजू (माझ्याहून वयाने मोठे, म्हणून घरात सगळे त्यांना दाजूच म्हणतात) आणि त्यांची बायको, दोघांचे मिळून उचल आणि किराणा वजा जाता ८६ हजार रुपये हाती आले. मोजून झाल्यावर त्यांनी ते माझ्यासमोरच ओट्यावर चार ढिगांत लावले. सगळ्यात मोठा ढीग सावकाराचा. आईच्या ऑपरेशनसाठी घेतलेले पैसे, महिना शेकडा तीन व्याज. दुसरा मुलीच्या धनगढीतल्या शाळेचा. तिसरा घरावर पत्रे घालायचा. चौथा, सगळ्यात लहान, वाटखर्चाचा आणि पावसाळ्याच्या धान्याचा. शेतीत काय घालणार, असं विचारलं तर म्हणाले, "शेत पाच महिने खायला देतं, उरलेले सात महिने ही बाग देते."

तेव्हापासून वाचतोय. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २ कोटी ९२ लाख, आणि त्याशिवाय जवळपास २२ लाख माणसं देशाबाहेर असल्याची नोंद आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षात बाहेरून घरी आलेला पैसा १ लाख ४४ हजार कोटी नेपाळी रुपयांच्या वर गेला. त्यांचा रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६ या दराने बांधलेला आहे, म्हणजे आपले ९० हजार कोटी. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास एक चतुर्थांश! दाजूंसारखे लोक कमरेला बांधून नेतात तो पैसा या आकड्यात नीट येतही नाही.

एवढा पैसा वर्षानुवर्षं येऊनही माणसं बाहेर पडतातच. मग या पैशाने देश उभा राहतो, की फक्त घर तगतं? आणि पगार देणारे आपण, आपल्या हातात यातलं काय आहे? जाणकारांनी लिहावं.

चाकरमानी_परळ

तुमच्या दाजूंच्या जागी माझे वडील ठेवा आणि धनगढीच्या जागी लांजा. गोष्ट तीच.

वडील गिरणीत साचेवाले होते. लालबागच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी गाववाली माणसं, जेवण खानावळीत. दर महिन्याला मनीऑर्डर. तिच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असायची. आईला वाचता येत नव्हतं, पोस्टमनकाका ओटीवर बसून वाचून दाखवायचे: "भात झोडून झालं का. बाळूला शाळेत घाला." त्या पैशावर घराची कौलं बदलली, दोन आत्यांची लग्नं झाली, मी दहावी झालो. गावातल्या हायस्कुलाची इमारत मुंबई मंडळाच्या वर्गणीतून उभी राहिली. सरकारी अनुदान नंतर आलं.

पण १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. त्या वर्षी गावातून मुंबईला तांदूळ जायला लागला. तेव्हा कळलं की इतकी वर्षं पैसा आला, पण त्यातून गावात कुणाला रोजगार देईल असं काही उभं राहिलं नव्हतं. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. राज्य वाढत असताना आपण कमी झालो. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका, कारण पुरुष बाहेर.

मनीऑर्डरीने कोकण जगवलं, यात मला तिळमात्र शंका नाही. मी स्वतः त्यावर शिकलोय. कोकणाचा विकास मात्र तिच्याने झाला नाही.

खाडीपलीकडे

मी खेड तालुक्यातला, कामाला कतारमध्ये, दोह्यात. साइटवर माझ्या हाताखाली नेपाळी पोरं आहेत म्हणून लिहितो.

ही पोरं येतात तीच कर्ज डोक्यावर घेऊन. नेपाळ सरकारने २०१५ मध्ये नियम केला की आखाती देश आणि मलेशियासाठी व्हिसा आणि तिकीट मालकाने द्यायचं, एजन्सीने जास्तीत जास्त १० हजार नेपाळी रुपये घ्यायचे. कागदावर सही तेवढ्याचीच घेतात. प्रत्यक्षात माझ्या गँगमधल्या बहुतेकांनी लाखाच्या वर मोजलेत. समजा दीड लाख, तेही शेकडा तीनने. महिन्याचं नुसतं व्याज साडेचार हजार. इथला किमान पगार २०२१ पासून हजार रियाल, म्हणजे त्यांचे साधारण ३६ हजार. राहणं-खाणं कंपनीचं धरलं तरी पहिल्या वर्षाचा जवळपास निम्मा पैसा सावकार आणि एजंट यांच्यातच जातो. घरी नीट पैसा पोचायला लागतो तो त्यानंतर.

तेव्हा कातळसडा, प्रश्न फक्त "पोचलेल्या पैशाचं काय होतं" एवढा नाही. वाटेत किती गळतो, हा आधीचा प्रश्न. आपल्याकडूनही पोरं अशीच गेली आहेत. माझ्या चुलतभावाला मुंबईतल्या एका एजंटाने ड्रायव्हरचा व्हिसा सांगून मेंढ्या राखायला पाठवलं होतं. परत आणायला जमातीने वर्गणी काढली.

आणि दुसरी गळती शरीराची. पंचविशीतला पोरगा ४५ डिग्रीत सळ्या बांधतो, पाणी कमी पितो. काठमांडूच्या विमानतळावर परदेशातून आलेल्या शवपेट्या जवळपास रोज उतरतात. परतलेल्यांपैकी काहींची मूत्रपिंडं निकामी झालेली असतात. देशाच्या उत्पन्नात तो खर्च कुठे धरतात ते मला माहीत नाही, पण घरातल्यांना तो भरावा लागतो.

अनिरुद्ध_म

धागा महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत थोडं कडू वाटेल.

नेपाळच्या २०१०-११ च्या जीवनमान सर्वेक्षणात बाहेरून आलेल्या पैशाचा वापर विचारला होता. सुमारे ७९ टक्के रोजच्या खर्चात, ७ टक्के कर्जफेडीत, भांडवल म्हणून घातलेला जेमतेम २ टक्के. आता हा खर्च जातो कुठे? तांदूळ भारतातून, मोटारसायकल भारतातून, मोबाइल चीनमधून. २०२३-२४ मध्ये नेपाळची आयात निर्यातीच्या जवळपास दहापट होती. म्हणजे कतारमध्ये कमावलेला रियाल काठमांडूला थोडा वेळ थांबतो आणि सीमेपलीकडे निघून जातो.

यात सरकारची सोय होते. आयातीवरचा कर हा तिथल्या महसुलाचा मोठा आधार. तरुण बाहेर गेला की बेरोजगारीचा आकडा खाली, परकीय चलन वर, तिजोरीत सीमाशुल्क. कारखाने, सिंचन, वीज यांवर मेहनत घेण्याची निकड कुणाला वाटणार? कोविडनंतर आयात एकदम फुगली तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी इतकी घटली की एप्रिल २०२२ मध्ये गाड्या, महागडे फोन, दारू अशा वस्तूंची आयातच काही महिने बंद करावी लागली.

बाहेरचा पैसा वाढला की शेतमजुरी महागते, जमिनीचे भाव चढतात, आणि स्थानिक माल बाहेरच्या मालापुढे टिकत नाही. बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या अनेक देशांत हे झालंय.

सप्टेंबर २०२५ आठवा. सरकारने २६ समाजमाध्यमं एका फटक्यात बंद केली आणि तरुण रस्त्यावर उतरले. दोन दिवसांत पंतप्रधान ओलींना राजीनामा द्यावा लागला. भ्रष्टाचाराचा राग होताच, पण ज्या देशात काम मिळत नाही म्हणून घरातलं एकेक माणूस बाहेर आहे, त्या देशात बाहेरच्या माणसाशी बोलायचं साधनच तोडलं, हेही लोकांना लागलं. एवढा पैसा येऊन देश घडला असता, तर ती पिढी एवढी चिडली नसती.

मीनल_दे

अनिरुद्ध, तुमचे आकडे बरोबर आहेत. निष्कर्षाशी असहमत. मी पश्चिम नेपाळमध्ये आरोग्याच्या कामात काही वर्षं होते, त्यामुळे हा "७९ टक्के रोजचा खर्च" मी घरांत बसून पाहिलाय.

त्यात पोरांच्या ताटातली डाळ असते. आधी भात आणि मीठ-मिरची खाणाऱ्या घरात अंडं येतं. बाळंतपणाला भाड्याची जीप येते. मला तरी हे सगळं विकासातच मोजावंसं वाटतं. अर्थतज्ज्ञ त्याला उपभोग म्हणून बाजूला काढतात आणि कारखान्याच्या शेडला गुंतवणूक म्हणतात. तीन वर्षांच्या मुलीचं वजन वाढलं तर ती गुंतवणूक नाही का?

आणि परिणाम मोजलेही गेलेत. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी १९९५ ते २००४ या काळातल्या नेपाळचा हिशेब मांडला. माओवादी युद्ध चालू, शेती-उद्योग मंद, तरी गरिबी ४२ टक्क्यांवरून ३१ वर आली. या घटीतला जवळपास पाचवा हिस्सा कामासाठी बाहेर पडलेल्यांमुळे आणि त्यांच्या पैशामुळे होता. २०१५ च्या भूकंपानंतर सरकारी मदत यायला महिने लागले, पण बाहेरच्या मुलांचे पैसे लगेच वाढले. पत्रे, तांदूळ, ताडपत्री त्यावर आली.

कुणी म्हणेल, बाहेर जाणारी घरं आधीच जरा बरी असतात. फिलिपिन्समध्ये याचं उत्तर नकळत मिळालं. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात फिलिपिनो लोक ज्या ज्या देशांत होते त्या देशांच्या चलनांचे पेसोतले (पेसो म्हणजे फिलिपिन्सचं चलन) भाव कमी-जास्त बदलले. नशिबाने कुणाच्या घरी एकाएकी जास्त पेसो यायला लागले, कुणाच्या कमी. जिथे जास्त आले तिथे मुलं शाळेत जास्त टिकली, बालमजुरी घटली, आणि भांडवल लागणारे लहान धंदेही सुरू झाले. घरं सारखीच, फरक फक्त आलेल्या पैशाचा.

पण एक गोष्ट मी लपवणार नाही. या सगळ्याचं ओझं बायकांवर येतं. नांगराला बाईने हात लावायचा नाही अशी रूढी असलेल्या गावात पुरुषच नसतात. मग नांगरायला शेजारच्या म्हाताऱ्याची मिनतवारी. चारा, पाणी, सासू-सासरे, पोरांची शाळा, सावकाराचा तगादा, सगळं एकटीवर. अछाममध्ये नव्वदच्या दशकापासून मुंबईहून परतलेल्या पुरुषांबरोबर एचआयव्ही आला. तिथे त्याला मुंबईचंच नाव पडलं होतं. नवरा वारल्यावर औषधं घेत राहिलेल्या, मीटिंगमध्ये उभं राहून बोलणाऱ्या बायका मला त्याच गावांत भेटल्या. पैशाचे निर्णयही हळूहळू त्यांच्या हाती आले. नवरा परत आला की ते पुन्हा काढून घेतले जातात, हेही पाहिलं.

कातळसडा

मीनलताई, फार आतून लिहिलंत. नांगराचं ऐकून मी दाजूंच्या बायकोला विचारलं. म्हणाली, त्यांच्या वाडीत निम्मी वरची शेतं पडीक आहेत, झुडपं वाढली, माकडं आणि रानडुकरं खाली उतरतात. मला हसूही आलं नाही आणि बोलताही येईना, कारण आमच्या सड्यावरच्या वरकस जमिनींची हीच गत आहे. आमच्या पडीक जमिनींतली माकडं हाकायला ते येतात आणि त्यांच्या पडीक जमिनींत माकडं वाढतात.

याला दुसरी बाजूही सापडली. नेपाळचं वनक्षेत्र १९९२ मध्ये २६ टक्के होतं, ते २०१६ पर्यंत ४५ टक्क्यांवर गेलं. मुख्य श्रेय गावांच्या हाती दिलेल्या सामुदायिक जंगलांना, पण माणसं बाहेर गेल्याने डोंगरउतारावरचा ताण कमी झाला याचाही हातभार आहे म्हणतात.

पालक्काड_पिंपरी

आई मराठी, वडील मल्याळी, म्हणून केरळबद्दल चार शब्द. या विषयात केरळ टाळून पुढे जाताच येत नाही.

तिरुवनंतपुरमची विकास अध्ययन संस्था, सीडीएस, १९९८ पासून ठरावीक वर्षांनी घरोघर जाऊन स्थलांतराचं सर्वेक्षण करते. २०२३ च्या फेरीत सुमारे २२ लाख केरळी परदेशात आणि वर्षभरात घरी आलेला पैसा २ लाख १६ हजार कोटी रुपयांच्या पुढे. २०१८ मध्ये तो ८५ हजार कोटी होता.

अनिरुद्ध म्हणतात ते दुखणं केरळलाही आहे. कारखाने कमी, सोनं आणि घरं जास्त, मजूर बंगाल-आसाममधून. आमच्या वडिलांच्या गावात मोठमोठी घरं आहेत, आत एखादी म्हातारी आणि एक कामवाली. आता नवीन लाट शिकायला जाणाऱ्या मुलांची. २०२३ मध्ये परदेशात असलेल्या केरळींपैकी अडीच लाख विद्यार्थी होते. पैसा उलटा जातोय, घर गहाण ठेवून कॅनडा-ब्रिटनच्या फिया.

तरी केरळ आणि पश्चिम नेपाळ एकाच मापाने मोजू नका. आखाताचा पैसा सत्तरच्या दशकात यायला लागला तेव्हा केरळमध्ये गावोगाव शाळा होत्या, प्राथमिक आरोग्य केंद्रं चालत होती, कूळकायदा अमलात येऊन कसणाऱ्याच्या नावावर जमीन झाली होती. म्हणून आलेला पैसा पुढे नेणारं काहीतरी गावात होतं. आईच्या ऑपरेशनला शेकडा तीनने कर्ज काढायची वेळ कमी जणांवर यायची. दाजूंचा सगळ्यात मोठा ढीग बघा. जवळपास चालू सरकारी रुग्णालय असतं तर तो ढीग शाळेत किंवा शेळ्यांत गेला असता.

आणि पैसा एकत्र आला तर काय होतं, याचं उदाहरण कोचीचा विमानतळ. १९९९ ला सुरू झाला, भारतात पहिल्यांदाच खासगी भागीदारीतून, आणि भागधारकांत हजारो अनिवासी केरळी. राज्याने १९९६ मध्ये बाहेरच्या केरळींसाठी वेगळं सरकारी खातं काढलं, पुढे त्यांच्यासाठी कल्याण मंडळ आणि पेन्शन आलं. सरकारने हात पुढे केला तर लोक पैसे घालतात.

उत्तरायण

मी कॅलिफोर्नियात राहतो. चाकरमानी यांच्या मुंबई मंडळाचं वाचून मेक्सिको आठवलं. झकातेकास राज्यातले लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या कामाला येतात. त्यांची गावागावांची मंडळं आहेत, अगदी आपल्या ग्रामस्थ मंडळांसारखी. जेवणावळी आणि नाच ठेवून वर्गणी काढतात आणि गावातला रस्ता, नळपाणी, चर्च करतात. तिथल्या सरकारने हे हेरलं. मंडळाने एक डॉलर दिला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एकेक घालणार. "एकास तीन" अशी ही योजना झकातेकासमध्ये सुरू झाली आणि २००२ पासून देशभर गेली.

चांगलं काय झालं? मंडळं हिशेब मागायला लागली. बाहेर राहणाऱ्याला गावच्या कारभारात आवाज मिळाला. वाईट काय? ज्या गावांची माणसं आधीपासून बाहेर होती आणि संघटित होती, तीच पुढे गेली. सगळ्यात गरीब गावांकडे मंडळच नव्हतं. काही वर्षांपूर्वी केंद्र सरकारने पैसे थांबवले आणि योजना बंद पडली.

चाकरमानी_परळ

@उत्तरायण, आमच्या मंडळाला असं कुणी एकास तीन सोडा, एकास एक दिलं असतं तर धरणाचं पाणी वाडीपर्यंत आलं असतं. आम्ही देवळाचा सभामंडप केला, कारण त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पैसा देवळात घालतात म्हणून मुंबईकरांना नावं ठेवतात, पण नळपाणी योजनेत मंडळ पैसे घालू म्हणालं तर ते घ्यायला सरकारी कार्यालयात खिडकीच नाही.

दुसरा अडसर सातबारा. आमच्या जमिनीवर चार पिढ्यांची नावं. मी परतून काजू लावायचा म्हटलं तर बँक विचारते संमतीपत्रं कुठायत. त्यातले काही सहहिस्सेदार बडोद्याला, एक मस्कतला. माझ्याकडे फंडाचे पैसे होते, इच्छाही होती.

सुलभा_काळे

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. सीमेजवळ नाही, पण नेपाळी ग्राहक पुष्कळ असलेल्या शाखेत होते. कातळसडा, तुमचे दाजू पैसे कसे नेतात? रोख नेत असतील तर कृपया थांबवा.

बनबसा आणि गौरीफंटा या नेपाळच्या सीमेवरच्या नाक्यांच्या वाटेवर, रेल्वेत आणि बसमध्ये, चहातून गुंगीचं औषध देऊन हंगामाची कमाई लुटल्याच्या कहाण्या प्रत्येक नेपाळी माणूस सांगतो. त्यात नोटांचा घोळ. २०१६ ला नोटबंदी झाली तेव्हा नेपाळातल्या घराघरांत ठेवलेल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा अडकल्या त्या अडकल्याच. डिसेंबर २०१८ मध्ये तर नेपाळ सरकारने शंभरावरच्या भारतीय नोटांवरच बंदी घातली. म्हणजे गरीब माणसावर शंभराच्या नोटांचं पुडकं कमरेला बांधून चालायची वेळ आली!

रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ पैसे पाठवण्याची सोय २००८ पासून आहे. एनईएफटी असलेल्या बँकेच्या शाखेतून पैसे जातात, तिकडे नेपाळ एसबीआय बँकेमार्फत मिळतात. घेणाऱ्याचं त्या बँकेत खातं नसलं तरी तिच्या एजंटाकडून ओळख दाखवून घेता येतात. पाठवणाऱ्याचं खातं नसेल तर रोख भरून एका वेळी ५० हजारांपर्यंत. खातं असेल तर २०२१ पासून २ लाखांपर्यंत. पाठवणाऱ्याचं ओळखपत्र, घेणाऱ्याचं नाव नागरिकतेवर (नेपाळच्या नागरिकत्वाच्या दाखल्यावर) आहे तसंच, आणि फोन नंबर हवा. अडचण एकच, बऱ्याच शाखांत काउंटरवरच्या मुलांना ही सोयच माहीत नसते. "होत नाही" म्हणाले तर व्यवस्थापकांना भेटा आणि परिपत्रक काढायला सांगा. मजूर एकटा गेला की त्याला परत पाठवतात. मालक सोबत गेला की काम होतं. हे बरोबर नाही, पण आज असं आहे, म्हणून तुम्ही सोबत जा.

जगभरात २०० डॉलर पाठवायला सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास खर्च येतो. २०३० पर्यंत तो तीनच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. गरिबाच्या कमाईतले हे दोन-तीन टक्के वाचवायला ना कारखाना लागतो ना धरण.

अनिरुद्ध_म

मीनल, पालक्काड, तुमचं वाचून माझा मुद्दा नेमका करतो. घराला फायदा होतो यावर वाद नाही. बाहेरच्या पैशामुळे सरकारने आपलं काम टाळावं, याला माझा विरोध आहे. केरळमध्ये सरकारचं काम आधी झालं होतं, पैसा नंतर आला. नेपाळमध्ये उलटं झालं.

आणि महाराष्ट्राने यात डोळे मिटून राहू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात परदेशातून भारतात येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठा, सुमारे पाचवा हिस्सा, केरळच्या किंचित वर. तरी घरोघर जाऊन दर काही वर्षांनी मोजणारं केरळसारखं सर्वेक्षण आपल्याकडे नाही. खेड, दापोली, श्रीवर्धनमध्ये किती येतो, कुठे जिरतो, याचं उत्तर कुणाकडे मागायचं?

खाडीपलीकडे

सुलभाताईंचं पटलं. त्यात माझी एक भर. दाजूंचा सावकाराचा ढीग छोटा करायचा तर पैसे मे महिन्यात देऊन उपयोग नाही. त्यांना गरज असते दसऱ्याच्या सुमाराला, निघायच्या आधी. तेव्हा घरात काही नसतं, सण असतो, वाटखर्च असतो, म्हणून कर्ज होतं. तुमची उचल इथे आल्यावर मिळते. तीच आधी, गावी पाठवली तर? बिनव्याजी. वर्षानुवर्षं येणारी माणसं आहेत, पळून जात नाहीत.

आमच्या साइटवर एका फोरमनने हे नव्या पोरांसाठी केलं. कर्ज फेडायला कंपनीकडून आगाऊ मिळवून दिलं. त्या पोरांनी पहिल्याच वर्षी घरी पैसे पाठवले.

मीनल_दे

हे खरंच करा. आणि पैसे बायकोच्या नावावर पाठवता आले तर बघा. तीही तुमच्याच बागेत राबते ना? मग हिशेबही दोघांचा वेगवेगळा लिहा. एका वहीत नवऱ्याच्या नावावर दोघांची मजुरी लिहिली की तिची कमाई कुणाला दिसतच नाही.

कातळसडा

दोन्ही मान्य. वहीचं आजच केलं, दोघांची पानं वेगळी. तिचा हिशेब वेगळा मांडल्यावर लक्षात आलं की पेट्या भरण्याचे आणि वर्गवारीचे दिवस धरले तर तिची मजुरी दाजूंच्या बरोबरीने भरते. शेजारच्या दोन बागायतदारांशी बोललो. एक तयार आहे. दुसरे म्हणतात आगाऊ पैसे गेले आणि माणूस आखाताकडे वळला तर काय करायचं? त्यांची भीती मला समजते, यंदा फळ कमी आणि कॅनिंगचा भाव पडलेला. म्हणून सुरुवात मी आणि तो एक, आपापल्या जुन्या माणसांपासून करतोय. दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी. बँकेत सुलभाताईंनी सांगितल्याप्रमाणे स्वतः जाईन.

चाकरमानी_परळ

एक राहिलंच. उतरवणीला माणूस झाडावर चढतो. फांदी मोडली, पडला, तर? आमच्या वाडीतला एक जण असाच कायमचा अंथरुणाला खिळला. तो गावचा होता, निदान माणसं होती. या लोकांचं कोण आहे इथे?

मीनल_दे

कुणी नाही. नेपाळचा परदेशी रोजगाराचा कायदा २००७ चा आहे. त्याखाली कामगारांचा कल्याण निधी आहे, मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर घरच्यांना त्यातून मदत मिळते. पण तो श्रम परवाना घेऊन भारत सोडून इतर देशांत गेलेल्यांसाठी. भारतात यायला भारत-नेपाळच्या १९५० च्या करारामुळे परवाना लागत नाही, म्हणून इथे येणारा त्या निधीत बसत नाही. आखातात जायला कर्ज तरी मिळावं लागतं. ज्याला तेही मिळत नाही, तो भारतात येतो. म्हणजे सगळ्यात गरीब माणूस दोन्ही सरकारांच्या हिशेबाबाहेर.

कातळसडा

हे माहीत नव्हतं. आजवर आमच्याकडे कुणी पडलं तर दवाखान्याचा खर्च आम्हीच केला, पण तो मालकाच्या मर्जीवर सोडणं योग्य नाही. तालुक्याच्या विमा एजंटाला विचारलंय की नेपाळी नागरिकतेवर अपघात विमा काढता येतो का, आणि तीन-चार बागांनी मिळून गट पॉलिसी घेतली तर हप्ता किती बसेल. तो वरच्या ऑफिसात विचारून सोमवारी सांगणार आहे. इथे कुणी विमा क्षेत्रात असेल, किंवा कुणा बागायतदाराने आधी असं केलं असेल, तर कोणती कागदपत्रं लागली ते जरूर लिहा. दाजू परवा निघतायत, नागरिकतेची प्रत त्याआधी घेऊन ठेवतो, बायकोचीही.